फुकटच्या पुस्तकासाठी एक गोष्ट

प्रिय फिलो,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नसेल. ते माझं आहे. आजवर माझ्याकडून तुला जे काही आलं, नाताळची कार्डं, आपल्या आईच्या आजारपणाची खबर, ते सगळं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं होतं. कधी चर्चमधल्या सिस्टरनं, कधी शेजारच्या मुलीनं. हे मात्र मी स्वतः लिहितेय. कॉलेजच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेय आणि बरेच कागद फाडून झालेत. आमची शिक्षिका म्हणाली की कॉम्प्युटरवर लिही, चुका तोच दाखवेल. पण तुला लिहायचं ते हातानंच लिहावंसं वाटलं. चुका सापडतील. सापडल्या तर हस खुशाल.

इकडे थंडी लवकर आली. तळ्याच्या कडा गोठल्यात, मधलं पाणी अजून काळं दिसतंय. यंदा सामन मासा बरा मिळाला. धुरी देऊन तुझ्यासाठी थोडा ठेवलाय, एडमंटनकडे कुणी निघालं की पाठवीन. लाकडाची मिल बंद पडल्याचं तू ऐकलंच असशील. इतकी वर्षं तिथं फळ्यांच्या थप्प्या लावल्या, आणि एका सकाळी फाटकावर कागद चिकटवलेला. त्यावर काय लिहिलंय ते मला पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं. नंतर आरोग्य केंद्रात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला बायका हव्यात असं कानावर आलं. तेच तर मी जन्मभर करत आलेय, आईचं केलं, मावशीचं केलं. तिथल्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मग फार अवघडून म्हणाली, मावशी, दहावीचा दाखला लागतो हो. म्हणून या वयात मी शाळेत जायला लागले. इथे त्याला अपग्रेडिंग म्हणतात. गावातलं जुनं किराणा दुकान कॉलेजनं घेतलंय, तिथे वर्ग भरतो. अजूनही पावसाळी हवेत खोलीला बटाट्यांचा वास येतो.

शिकवायला नदीन आहे. युक्रेनी घराण्यातली, माझ्यापेक्षा खूप लहान. बाई म्हटलेलं तिला आवडत नाही, म्हणून आम्ही सगळे नुसतं नदीनच म्हणतो. वर्गात आम्ही सात-आठ जण, बहुतेक मिलमधले. माझ्या शेजारी विल्बर बसतो. गावात बर्फावर चालणारी पहिली मोटर ज्याच्या बापानं आणली, तोच विल्बर. तोही आता आजोबा झालाय, पण जीभ तशीच आहे. पहिल्या महिन्यात आम्हाला वाचायला लहान मुलांची पुस्तकं होती. मांजर चटईवर बसलं. बिलीचा वाढदिवस आला. विल्बरनं एक पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि नदीनला विचारलं, “या मांजराला उठवायला कुणी येणार आहे का, की आपण सगळे मरेपर्यंत ते तिथंच बसणार?” आम्ही हसलो. नदीन हसली नाही. ती म्हणाली, मोठ्या माणसांसाठी पुस्तकं आहेत, पण ती विकत घ्यायची तर इतकी महाग की कॉलेज हात वर करतं, आणि दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढून जुनी रद्द करतात. त्या पुस्तकांतली पानं ती चोरून झेरॉक्स करून आणायची. आम्हाला ते माहीत होतं, आणि कुणी वरचा साहेब आला की आम्ही ती पानं आपली आपण कोटाखाली सरकवायचो. शाळेत जाऊन चोरटेपणा शिकलो असं विल्बर म्हणायचा.

मग हिवाळ्यानंतर नदीननं पुस्तकांचं एक खोकं आणलं. आपल्या ब्रिटिश कोलंबियातल्याच, तिच्यासारख्याच शिक्षकांनी मिळून पुस्तकं लिहिलीत, वाचनाची, गणिताची, आणि ती नेटवर मोकळी ठेवलीत. कुणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, वाटावीत. एवढंच नाही, आपल्या गावाला सोयीचं व्हावं म्हणून त्यात बदलही करावेत. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं ठेवावं. विल्बरचा विश्वास बसेना. “फुकट म्हणजे बिल मागाहून येणार,” म्हणाला. आठवडाभर तो पुस्तकावर नाव घालायला तयार नव्हता. मग गणिताच्या पुस्तकात गोल्फच्या मैदानाचं क्षेत्रफळ काढायचं उदाहरण आलं. आमच्यातल्या कुणी गोल्फचं मैदान पाहिलेलं नाही. नदीननं तिथल्या तिथे बसून त्या जागी मासे वाळवायची मांडणी घातली, किती लांब, किती रुंद, एकावर एक किती दांड्या, आणि दुसऱ्या दिवशी नवं पान छापून हातात दिलं. विल्बर त्या पानाकडे बघत बसला. मग त्यानं हळूच दांड्यांमधलं अंतर चुकलंय म्हणून सांगितलं, नदीननं ते बदललं, आणि त्या दिवशी त्यानं पुस्तकावर आपलं नाव घातलं.

फिलो, तुला हे सगळं का सांगतेय असं वाटत असेल. थोडा धीर धर. मला सरळ सांगायला जमत नाहीये.

या उन्हाळ्यात कळलं की वाचनाची नवी पुस्तकं होतायत, आणि त्यात प्रांतभरच्या वर्गांतल्या लोकांनीच लिहिलेल्या गोष्टी हव्यात. मोठ्या माणसांच्या गोष्टी, साध्या शब्दांत. विल्बरनं मिलच्या जेवणघरात शिरलेल्या अस्वलाची लिहिली. एका पोरसवदा आईनं आपल्या बाळंतपणाची लिहिली. मी बाबांची लिहिली, ते तळ्यात बुडाले त्या दिवसाची. आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट माझ्या पेन्सिलीतून एका दुपारी सरळ उतरली, मला स्वतःला नवल वाटलं. वसंतातलं तळं, बाबांचा जुना ट्रक, ते बर्फ. नदीननं ती वाचली, चष्मा काढून ठेवला, आणि ही चौथ्या पातळीच्या पुस्तकात जायलाच हवी म्हणाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी विल्बरनं ती वाचली. त्याला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो. संपवल्यावर त्यानं पानं जुळवून माझ्यापुढे ठेवली. मग बाकीचे कॉफी घ्यायला उठल्यावर मला म्हणाला, “गाडीत तिघं होतात तुम्ही. माझा बापच शिडी घेऊन धावला होता. दोन पोरी आणल्या त्यानं काठावरून. तू एकच लिहिलीयस.” मी म्हटलं, गोष्ट माझी आहे. तो म्हणाला, “असेल. पण दुसरीला काय पाण्यातच ठेवलंस?”

मी तुला गाळलं होतं, फिलो. त्या दिवसाचं नाव तू कधी काढत नाहीस, म्हणून तुझ्या भल्यासाठीच गाळलं होतं. पण विल्बर बोलला आणि ते मला सहन होईना.

म्हणून आता तो दिवस तुला लिहिते. मी सहा वर्षांची होते, पण मला आठवतंय. ईस्टरच्या सुट्टीसाठी बाबा तुला मिशनच्या त्या शाळेतून, जिथे आपल्या आदिवासी पोरांना सक्तीनं नेऊन ठेवत, आणायला निघाले होते आणि मी हट्ट करून बरोबर आले होते. सकाळी आम्ही बर्फावरूनच पलीकडे गेलो, तेव्हा काठावर काहीच नव्हतं. तू शाळेच्या दारात उभी होतीस, केस कापलेले, अंगात करडा कोट. मी तुला ओळखलंच नाही. ट्रकमध्ये मी मध्ये बसले आणि तू खिडकीशी. बाबा सारखे तुझ्याकडे बघत होते. त्यांना तुझा इतका अभिमान होता, गावभर सांगत असत की माझी पोरगी गोऱ्यांचं लिहिलेलं वाचते. परत येताना ऊन कलायला लागलं होतं. काठावर पोचलो तर तिथे नवी पाटी ठोकलेली. बाबांनी ट्रक थांबवला आणि आपल्या भाषेत तुला विचारलं, काय लिहिलंय गं? तू पाटीकडे बघितलंस. फार वेळ बघितलंस. मग म्हणालीस, “पुढे गाड्या जातात, असं लिहिलंय.” बाबांनी तुझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि गाडी बर्फावर घातली.

हे मी ऐकलं होतं. तुला वाटत असेल की हे फक्त तुला माहीत आहे. मी कधी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तू वाचलंस, बाबांनी गाडी पुढे नेली, बर्फ फुटलं. माझ्या डोक्यात त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. पाटीवर काय होतं हे मला कुठे ठाऊक होतं? आईच्या मातीच्या दिवशी पहिल्यांदा मनात काहीतरी हललं. फादरनी तुझ्यासमोर बायबल धरलं, मोठ्या मुलीनं वाचायचं म्हणून. तू ते घेतलंस आणि न उघडता शेजारच्या बाईकडे दिलंस. तेवढ्या वेळातही तू ते अंगापासून लांब धरलं होतंस. सगळ्यांना वाटलं की तू देवाधर्मावर रागावलीस. माझ्या मनात आलं की ही पुस्तकाला घाबरते. असं का, ते मात्र कळलं नाही.

विल्बरशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या शनिवारी मी तळ्यापलीकडच्या जुन्या धक्क्यावर गेले. तिथे गेर्डाचं कॉफीचं दुकान आहे. तिचा सासरा पूर्वी रस्ते खात्यात मुकादम होता आणि भिंतीवर त्याचा सगळा पसारा लावलाय, बर्फातले जोडे, करवती, जुन्या पाट्या. त्या भिंतीखाली बसून मी कितीदा कॉफी प्यालेय. त्या दिवशी मात्र वर बघितलं आणि डोळे आपोआप वाचायला लागले. एक पांढरी पाटी, काळी अक्षरं, गंजलेली. मी उठून जवळ गेले. त्यावर लिहिलं होतं, ‘पुढील आदेश निर्गमित होईपर्यंत सदर हिमपृष्ठावरून वाहनांचे परिचालन प्रतिबंधित करण्यात येत आहे.’

मी ती दोनदा वाचली. माझं आता सहावी-सातवीचं वाचन चालू आहे, तरी ‘निर्गमित’ आणि ‘परिचालन’ मला अडले. थांबा हा शब्द त्यात नाही. धोका नाही. ‘बुडाल’ असंही नाही. एखादं चित्र, लाल रंगाचा ठिपका, काही म्हणजे काही नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीला त्या ओळीत काय वाचता येईल ते मी शोधत राहिले. ‘पुढील’ येईल. ‘वाहन’ येईल. फिलो, तू खोटं बोलली नव्हतीस. तुला जे दोन शब्द येत होते ते तू वाचलेस.

गेर्डाला विचारलं तर ती कॉफीचं भांडं हातात घेऊन तिथंच उभी राहिली. ही त्या वेळची याच धक्क्यावरची पाटी, म्हणाली. सासऱ्यानंच दुपारी ठोकली आणि तासाभरात तो अपघात झाला. त्यानं नंतर वरच्या कचेरीत जाऊन भांडण केलं होतं. तो म्हणायचा, “ठोकली मी, पण मला तरी कुठे समजली होती? साहेबानं सांगितलं होतं म्हणून मला माहीत, की रस्ता बंद.” पुढच्या हिवाळ्यात सगळ्या तळ्यांवरच्या पाट्या बदलल्या. लाल पंजा आणि खाली एकच शब्द, थांबा. त्या तू पाहिल्या असशील, त्याच आजपर्यंत आहेत. म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणीतरी टेबलाशी बसून कबूल केलं होतं की ती पाटी वाचण्याजोगी नव्हती. फक्त आपल्या घरी येऊन कुणी तसं सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. चार दिवसांनी त्यांची माणसं येऊन तुला पुन्हा त्याच शाळेत घेऊन गेली.

सोमवारी मी विल्बरला एवढंच विचारलं, की त्या शाळेत एखादी गोष्ट आली नाही तर काय म्हणायचं? तोही तिथलाच, तुला माहीत आहे. तो लगेच बोलला, जणू उत्तर तयार होतं. “काहीही म्हणायचं. येत नाही एवढं सोडून काहीही. चुकलं तर एक पट्टी, येत नाही म्हटलं तर उपाशी.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मी तिथून निघालो तेव्हा मला सगळं येत होतं. वाचायला सोडून.”

त्यानंतर मला तुझा तो बराच वेळ पाटीकडे बघणारा चेहरा आठवत राहिला. तू बाबांना ‘मला वाचता येत नाही’ म्हणू शकत होतीस, ते रागावले नसते, हसून काठाकाठानं वळसा घालून गेले असते. पण तो पर्याय तुझ्याकडून त्या लोकांनी आधीच काढून घेतला होता. आणि तुझ्यापाठोपाठ मलाही त्याची झळ लागली. आता आणखी एकही पोर तिकडे जाणार नाही म्हणत आई मला घेऊन मामाच्या रानातल्या खोपीत राहायला गेली, माणसं शोधत आली की मला सशांच्या कातड्यांखाली झाकायची. तू वाचायला शिकलीस आणि वाचनाला भ्यालीस. मला कधी कुणी शिकवलंच नाही. दोन्हीचं मूळ त्या एका पाटीत आहे असं मला आता वाटतं. आईला मी दोष देत नाही. तिनं हाताशी होती तेवढी पोर वाचवली.

आणखी एक सांगायचंय. ते तुला आठवत नसावं असं मला वाटतं, नाहीतर तू इतकी वर्षं अशी राहिली नसतीस. बर्फ फुटलं तेव्हा ट्रक आधी पुढच्या बाजूनं कलला. बाबांनी तुझ्या बाजूचं दार लाथेनं उघडलं, तुला बाहेर ढकललं आणि मग मला वर धरलं. ते ओरडत नव्हते. त्यांचा आवाज घरात बोलावं तसा होता. म्हणाले, “फिलो, आडवी पड. हिला धर, आणि उभी राहू नकोस.” पाटीचं नाव त्यांनी काढलं नाही. तुझ्यावर रागावले नाहीत. तू पोटावर पडलीस, माझ्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरलीस आणि मागे मागे सरकत राहिलीस. मी तुला लाथा मारत होते, कारण मला बाबांकडे जायचं होतं. बाबा ट्रकबरोबर पाण्याखाली गेले, तरी तू सोडलं नाहीस. विल्बरचा बाप शिडी घेऊन पोचला तेव्हा आपण दोघी काठाच्या जवळ होतो, आणि तुझी बोटं माझ्या कॉलरवरून त्यालाच सोडवावी लागली. हे त्यानं विल्बरला सांगितलं होतं, विल्बरनं आता मला.

मी गोष्ट पुन्हा लिहिली. या खेपेला गाडीत तिघं आहेत. पाटी आहे, तिच्यावरची ओळ जशीच्या तशी आहे, आणि तिच्याखाली नदीन प्रश्न देणार आहे, की ही सूचना साध्या शब्दांत लिहून दाखवा. मी नदीनला वही दिली तेव्हा तिनं ती ठेवून घेतली नाही. मला समोर बसवून तिनं नीट समजावलं. हे पुस्तक मोकळं असतं, सेलेस्टीन, म्हणाली. एकदा सोडलं की परत बोलावता येत नाही. उद्या तू नको म्हणालीस तर माझ्याकडचं मी काढीन, पण ज्यांनी उतरवून घेतलं, छापलं, दुसऱ्या गावाला दिलं, त्यांच्याकडचं नाही. म्हणून आधी विचार कर. मी म्हटलं, विचार मी एकटीनं करून चालणार नाही. आपल्यात गोष्ट ज्यांच्यावर गुदरली त्यांची असते, त्यांना विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हे आईनं आपल्याला शिकवलंय. ती म्हणाली, मग विचार तिला. छपाई थांबवून ठेवते.

म्हणून हे पत्र. मला तुझी परवानगी हवी आहे, फिलो, गोष्टीला आणि तुझ्या नावाला. सोबत गोष्टीची पानं जोडलीत. अक्षर मोठं आहे, वाक्यं आखूड आहेत, घाबरण्यासारखा एकही शब्द मी त्यात ठेवलेला नाही. आज जमलं नाही तर उद्या उघड, नाहीतर कुणाकडून वाचून घे. नको म्हणालीस तर पानं मी पेटीत ठेवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. विल्बरचं अस्वल एकटंच जाईल पुस्तकात. पण हो म्हणालीस, तर या प्रांतात आणि त्याच्या पलीकडे, आपण कधी जाणार नाही अशा गावांत, माझ्या वयाची एखादी बाई किंवा मिलमधून काढलेला एखादा माणूस बोट ठेवून ठेवून वाचेल की त्या दिवशी नऊ वर्षांची फिलोमीन बर्फावर आडवी पडली आणि तिनं आपल्या बहिणीला ओढून काठाकडे आणलं. ते वाक्य तूच सगळ्यांच्या आधी वाचावंस, एवढंच मला हवं होतं.

तुझीच, तू हातातून न सोडलेली,
सेलेस्टीन